कोसळलेल्या सर्व्हरचा पंचनामा

हैदराबाद शहराच्या इतिहासात २८ सप्टेंबर १९०८ हा दिवस मोठ्या आपत्तीचा म्हणून नोंदला गेला आहे. त्या दिवशी मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो घरे वाहून गेली आणि सुमारे पंधरा हजार माणसे प्राणास मुकली, असा अंदाज केला जातो. मराठवाड्याचे जिल्हे त्या काळी याच हैदराबाद संस्थानात मोडत होते. पुढील वर्षी, म्हणजे १९०९ साली, पूरनियंत्रणाचा विचार करण्यासाठी संस्थानाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सेवा केलेले आणि पुण्याजवळील खडकवासला येथे स्वयंचलित दरवाजे बसविणारे हे अभियंते हैदराबादेत पोहोचले, तेव्हा पूर केव्हाच ओसरला होता. हाती होत्या त्या केवळ नोंदी. शहरापासून दूर असलेल्या शमशाबादच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पावसाची नोंद झाली होती. शहराच्या वरच्या अंगास असलेल्या ८६२ चौरस मैलांच्या पाणलोट क्षेत्रात ७८८ तलाव होते व त्यांपैकी २२१ फुटले होते, हेही मोजून ठेवण्यात आले होते. या नोंदींवरून पुराची मीमांसा झाली आणि मीमांसेवरून उपाय ठरला. उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे दोन जलाशय त्याचेच फळ होत.

आपत्ती ओसरल्यावर तिचे कारण शोधावयाचे असेल, तर आपत्तीच्या तडाख्यातून वाचलेली नोंद हाती असावी लागते. हा नियम जसा नदीला लागू आहे, तसाच तो संगणकालाही लागू आहे.

हैदराबादेतील यंत्रे आणि दूरचा माणूस

आजचे हैदराबाद हे देशातील मोठ्या संगणक केंद्रांपैकी एक आहे. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था १९९९ साली येथे स्थापन झाली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर देशासाठी त्सुनामी पूर्वसूचना केंद्र उभारण्याचे कार्य याच संस्थेकडे सोपविण्यात आले आणि ऑक्टोबर २००७ पासून ते केंद्र अहोरात्र चालत आले आहे. मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे आणि समुद्र केव्हा खवळणार आहे, याच्या सूचनाही येथून किनाऱ्यावर जातात. रत्नागिरी किंवा मालवणचा मच्छीमार होडी पाण्यात लोटतो, तेव्हा त्याच्या निर्णयामागे शेकडो मैलांवरील यंत्रांचेही काम असते. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली स्थापन केलेली बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थाही हैदराबादेतच आहे. निरनिराळ्या बँकांची एटीएम यंत्रे परस्परांशी जोडणारे राष्ट्रीय जाळे २००४ साली याच संस्थेने उभारले व पुढे २००९ साली ते राष्ट्रीय देयक महामंडळाकडे सुपूर्द केले.

अशा सेवा ज्या यंत्रांवर चालतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. सर्व्हर हा मुळात संगणकच होय. परंतु तो एका माणसाच्या मेजावर न राहता अनेकांची मागणी एकाच वेळी पुरवीत असतो. हा सर्व्हर अकस्मात बंद पडला, तर गावातील खातेदार, शिधापत्रिकाधारक अथवा विद्यार्थी यांच्या वाट्याला एवढेच उत्तर येते की, 'सर्व्हर डाऊन आहे.' यंत्र पुन्हा चालू झाले की विषय संपला, असे मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. वस्तुतः खरा प्रश्न तेथून सुरू होतो. यंत्र का कोसळले, हे कळले नाही, तर ते पुन्हा कोसळणार आणि कदाचित नेमके वादळाच्या रात्री कोसळणार. यास्तव कोसळण्याची नोंद कशी हरवते व ती कशी जपावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कर्नेल आणि पॅनिक

सर्व्हरवर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालतात. त्या सर्वांना मेमरी वाटून देणे, डिस्कवर लिहू देणे, जाळ्यातून संदेश पाठवू देणे ही कामे एक मध्यवर्ती प्रोग्रॅम करतो. दाण्यात जसा गर, तसा यंत्रणेच्या गाभ्याशी असलेला हा प्रोग्रॅम म्हणजे कर्नेल होय. जगातील बहुसंख्य सर्व्हर ज्या लिनक्स या प्रणालीवर चालतात, तिचा गाभाही कर्नेलच आहे.

एखादा साधा प्रोग्रॅम बिघडला, तर कर्नेल त्यास बंद करतो आणि बाकीचे काम चालू राहते. परंतु खुद्द कर्नेललाच आपल्या हिशेबात न सुटणारी विसंगती आढळली, तर पुढे काम रेटणे धोक्याचे असते. चुकीच्या हिशेबावर डिस्कवर लिहिले गेल्यास चांगली माहितीही नष्ट होईल. म्हणून कर्नेल सर्व कामकाज जागच्या जागी थांबवितो. या अवस्थेला कर्नेल पॅनिक असे नाव आहे. शब्दाचा अर्थ घबराट असा असला, तरी प्रत्यक्षात तो खबरदारीचाच निर्णय असतो. सदोष मेमरी, बिघडलेले उपकरण, उपकरण चालविणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅममधील चूक अथवा कर्नेलमधीलच दोष, ही त्याची नेहमीची कारणे होत.

नोंद हरवते कशी

कर्नेल आपल्या कामाची रोजनिशी सतत लिहीत असतो. हिला लॉग म्हणतात. हा शब्द जहाजावरील नोंदवहीवरून आला आहे. कर्नेल ही रोजनिशी थेट डिस्कवर लिहीत नाही. तो ती मेमरीतील एका राखीव जागेत लिहितो. तेथून ती उचलून डिस्कवरील फाइलमध्ये उतरविण्याचे काम दुसऱ्या एका साध्या प्रोग्रॅमकडे असते. टिपणे साहेबांनी लिहावीत आणि लिपिकाने ती आवक-जावक नोंदवहीत चढवावीत, असा हा प्रकार आहे.

पॅनिक होताच सर्व साधे प्रोग्रॅम थांबतात. त्यांत हा लिपिकही थांबतो. कर्नेलने शेवटच्या क्षणी लिहिलेले महत्त्वाचे शब्द, म्हणजे कोणत्या कामात असताना कोणती चूक घडली हे सांगणारे शब्द, मेमरीतच राहतात. मेमरीचा स्वभाव असा की, यंत्राचा वीजपुरवठा तुटला की तिच्यातील मजकूर पुसला जातो, आणि यंत्र पुन्हा चालू होताना ती नव्याने भरली जाते. कोणी घाईने यंत्र बंद करून चालू केले की पुरावा संपला. थोडक्यात, मृत मनुष्यास जसा स्वतःचा पंचनामा लिहिता येत नाही, तसा कोसळलेल्या कर्नेललाही आपला पंचनामा डिस्कवर लिहिण्याचा भरवसा देता येत नाही.

याखेरीज आणखी एक साधे कारण असते. काही सर्व्हरवर रोजनिशी ठेवणारा प्रोग्रॅम आपली वही मेमरीतच ठेवतो आणि डिस्कवर कायमची जागा करून दिलेली नसते. अशा यंत्रावर पॅनिकच काय, साध्या रीस्टार्टनंतरही मागील रोजनिशी मिळत नाही. ही रचना बदलून वही डिस्कवर कायम राहील असे करणे, हे पहिले व सर्वांत स्वस्त काम होय.

नोंद नसणे हीसुद्धा एक खूण

सर्व्हर रीतसर बंद केला गेला असेल, तर रोजनिशीच्या शेवटी त्याच्या स्पष्ट ओळी असतात: अमुक सेवा थांबविली, तमुक डिस्क मोकळी केली, यंत्र बंद होत आहे. या ओळी न येता नेहमीच्या कामाच्या मध्येच रोजनिशी तुटली असेल आणि त्यानंतर एकदम नव्याने चालू झाल्याच्या ओळी दिसत असतील, तर यंत्र अकस्मात थांबले, एवढे निश्चित होते. तुटलेल्या ओळीची वेळ टिपून ठेवावी. त्याच वेळी इमारतीचा वीजपुरवठा गेला होता काय, शेजारील सर्व्हर चालू होते काय, त्या दिवशी कर्नेल किंवा ड्रायव्हर बदलण्यात आला होता काय, हे पाहावे. वीज गेल्याने बंद पडलेले यंत्र आणि पॅनिक झालेले यंत्र या दोहोंची रोजनिशी सारखीच तुटलेली दिसते. म्हणून नुसत्या रोजनिशीवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

राखीव पंच

या अडचणीवर शोधून काढलेली युक्ती विचार करण्याजोगी आहे. जो कर्नेल बिघडला, त्याच्याकडून लिहून घेण्याऐवजी ताज्या दमाच्या दुसऱ्या कर्नेलकडून लिहून घ्यावे, ही ती युक्ती होय. यंत्र चालू होतानाच मेमरीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवतात आणि त्यात एक छोटा, निरोगी कर्नेल आणून बसवितात. एरवी तो काहीच काम करीत नाही. पॅनिक होताच पहिला कर्नेल सर्व सूत्रे त्याच्या स्वाधीन करतो. मध्ये वीज तुटत नाही. त्यामुळे जुन्या मेमरीतील मजकूर तसाच असतो. दुसरा कर्नेल तो मजकूर वाचतो, अनावश्यक भाग गाळतो, उरलेला डिस्कवर किंवा जाळ्यातील दुसऱ्या यंत्रावर उतरवितो आणि मग सर्व्हर पुन्हा चालू करतो. या व्यवस्थेला केडम्प असे नाव आहे.

जुलै २००५ मध्ये कॅनडातील ऑटावा येथे भरलेल्या लिनक्स परिसंवादात केडम्पवरील निबंध सादर झाला. विवेक गोयल, एरिक बिडरमन आणि हरिप्रसाद नेल्लिथीर्था हे त्याचे लेखक होत. यांपैकी गोयल व नेल्लिथीर्था हे आयबीएमच्या भारतातील शाखेत काम करीत होते. त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत ही व्यवस्था समाविष्ट झाली. सर्व्हरच्या पंचनाम्याची ही पद्धत घडविण्यात भारतीय अभियंत्यांचा वाटा मोठा आहे, ही समाधानाची बाब होय.

तजवीज असूनही नोंद का मिळत नाही

केडम्प बसविलेला आहे, तरी पॅनिकनंतर कप्पा रिकामाच आढळतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी पुढील क्रमाने तपासणी करावी.

एक : मेमरी खरोखर राखून ठेवली आहे काय, हे प्रथम पाहावे. कर्नेलची नवी आवृत्ती बसविताना राखीव मेमरीची सूचना कधी कधी गळून पडते. काही लिनक्स वितरणांत ही सोय मुळातच चालू असते, तर काहींत ती मुद्दाम चालू करावी लागते.

दोन : राखून ठेवलेली जागा पुरेशी आहे काय, हे पाहावे. उपकरणे पुष्कळ असलेल्या मोठ्या सर्व्हरवर दुसऱ्या कर्नेललाही जास्त मेमरी लागते. जागा अपुरी पडली, तर पंचनामा करावयास आलेला पंचच दारात कोसळतो.

तीन : दुसरा कर्नेल आपल्या जागी येऊन बसलेला आहे काय, हे तपासावे. चालू कर्नेलला विचारल्यास तो याचे उत्तर शून्य किंवा एक असे देतो. शून्य असेल, तर जागा राखलेली आहे पण पंच हजर नाही, असे समजावे.

चार : ज्या डिस्कवर किंवा ज्या जाळ्यातून लिहावयाचे, तिचा ड्रायव्हर दुसऱ्या कर्नेलच्या शिदोरीत आहे काय, हे पाहावे. सर्व्हरला नवे डिस्क-उपकरण जोडले आणि ही शिदोरी नव्याने बांधली नाही, तर त्यास लिहिण्याची जागा सापडत नाही.

पाच : डिस्कवर मोकळी जागा किती आहे, ते पाहावे. पूर्वीच्या नोंदींनी कप्पा भरला असल्यास नवी नोंद अर्धवट राहते.

सहा : पहारेकरी यंत्रणा वेळेआधी तर हस्तक्षेप करीत नाही ना, हे पाहावे. अनेक सर्व्हरमध्ये एक स्वतंत्र घड्याळ असते. ठराविक काळात सर्व्हरने 'ठीक आहे' असे कळविले नाही, तर ते घड्याळ यंत्र सक्तीने रीस्टार्ट करते. नोंद लिहिण्यास पाच मिनिटे लागत असतील आणि घड्याळाने एका मिनिटातच यंत्र रीस्टार्ट केले, तर नोंद तेथेच तुटते. जे काम घड्याळ करते, तेच काम घाईने बटन दाबणारा कर्मचारीही करतो.

सात : मुळात पॅनिक झाले होते काय, याचा विचार करावा. यंत्र कधी कधी पॅनिक न होता नुसते गोठते. कर्नेलने पॅनिक जाहीर केले नाही, तर दुसऱ्या कर्नेलला बोलावणेच जात नाही. गोठलेल्या यंत्रास बाहेरून विशेष संकेत देऊन पॅनिक घडवून आणण्याची सोय बहुतेक सर्व्हरमध्ये असते. मात्र त्याची तरतूद आधी करून ठेवावी लागते. वीज जाणे किंवा मुख्य फलक बिघडणे अशा प्रसंगी मात्र केडम्पचा उपयोग होत नाही.

यंत्राबाहेरची नोंद

शमशाबादचा पर्जन्यमापक जसा शहरापासून दूर होता, तशी सर्व्हरची एक तरी नोंद सर्व्हरच्या बाहेर असावी. यासाठी तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे रोजनिशीची प्रत्येक ओळ त्याच क्षणी जाळ्यातून दुसऱ्या यंत्राकडे पाठविणे. या मार्गात एखादी ओळ वाटेत हरवू शकते. तरीही शेवटच्या ओळी मिळण्याचा संभव पुष्कळ असतो. दुसरा मार्ग म्हणजे सर्व्हरच्या पडद्यावर येणारा मजकूर स्वतंत्र तारेने बाहेर नेऊन साठविणे. तिसरा मार्ग सर्व्हरच्या पेटीतच असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी चालणारा एक लहान व्यवस्थापक संगणक बहुतेक सर्व्हरमध्ये बसविलेला असतो. मेमरीतील दोष, पंखा बंद पडणे, उष्णता वाढणे, वीजपुरवठ्यातील बिघाड यांची वेगळी वही तो ठेवतो. पॅनिकची नोंद मिळाली नाही म्हणून निराश होण्यापूर्वी ही वही अवश्य उघडावी. काही यंत्रांत वीज गेल्यावरही न पुसणारी थोडीशी जागा असते आणि कर्नेल शेवटचे शब्द तेथे ठेवू शकतो. तीही जागा पाहावी.

कार्यालयाने पाळावयाची शिस्त

बसविलेल्या व्यवस्थेची परीक्षा घेतल्याशिवाय ती आहे असे मानू नये. अग्निशमनाची नळकांडी भिंतीवर टांगलेली असणे आणि ती आगीच्या वेळी चालणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुद्दाम पॅनिक घडवून पाहण्याची सोय कर्नेलमध्येच आहे. सेवा पूर्वसूचना देऊन थांबवावी, माहितीची प्रत सुरक्षित ठेवावी, मग पॅनिक घडवावे आणि नोंद पूर्ण उतरली किंवा नाही, ते पाहावे. नवा सर्व्हर सेवेत दाखल करण्यापूर्वी, तसेच कर्नेल किंवा उपकरणे बदलल्यानंतर प्रत्येक वेळी ही चाचणी करावी.

यंत्र कोसळल्यावर पडद्यावर मजकूर दिसत असेल, तर कोणतेही बटन दाबण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. नोंद उतरविण्याचे काम चालू असल्यास ते पुरे होऊ द्यावे. घटना केव्हा घडली, कोणी पाहिली, कोणी काय केले, हे साध्या कागदी नोंदवहीतही लिहावे. सर्व यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावीत. अन्यथा दोन यंत्रांच्या रोजनिश्या ताडून पाहता येत नाहीत. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावीत आणि रोजनिश्या १८० दिवस जपून ठेवाव्यात, असे सांगितले आहे. हे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत.

एक सावधगिरी येथे सांगणे आवश्यक आहे. कोसळलेल्या सर्व्हरच्या मेमरीची नोंद म्हणजे त्या क्षणी तेथे असलेल्या मजकुराची प्रत होय. तीत नागरिकांची नावे, खात्यांचे तपशील व सांकेतिक शब्दही असू शकतात. म्हणून ही फाइल कुलूपबंद दप्तराप्रमाणे जपावी, अधिकृत व्यक्तीच्याच हाती द्यावी आणि तपास पूर्ण होऊन जपणुकीची मुदत संपल्यावर रीतसर नष्ट करावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने स्वतंत्र अधिनियम केला आहे, याचे विस्मरण होऊ नये.

उपसंहार

नोंद नसली की तर्काला वाव मिळतो, आणि तर्काचा रोख बहुधा जो सर्वांत दुर्बळ असेल त्याच्याकडे वळतो. रात्रपाळीचा कर्मचारी, वीज मंडळ, नाही तर 'नशीब' यांच्यावर ठपका ठेवून प्रकरण निकालात निघते. खरा दोष, मग तो चार आण्यांच्या भागात असो वा ड्रायव्हरच्या एका ओळीत असो, जागच्या जागी राहतो. नोंद हाती असली, तर ती वाचणारा तज्ज्ञ कर्नेल कोणत्या कामातून कोणत्या कामात गेला आणि कोठे अडखळला, ही साखळी मागे मागे शोधीत जातो व दोष नेमका दाखवून देतो. मग भाग बदलता येतो, प्रोग्रॅम दुरुस्त करता येतो आणि निरपराध माणसावरील आळही दूर होतो.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना संगणक शिकविताना तो चालविण्याबरोबरच त्याचा बिघाड कसा तपासावा, हेही सांगावे. अधिकाऱ्यांनी सर्व्हर पुन्हा चालू झाल्याच्या अहवालावर समाधान न मानता कारणाची नोंद मागावी. आणि खिडकीपाशी ताटकळणाऱ्या ग्रामस्थानेही 'सर्व्हर केव्हा चालू होईल' यासोबत 'तो का बंद पडला' हा प्रश्न विचारावा. हा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्याचे उत्तर देता येईल अशी तजवीज यंत्र चालू असतानाच करून ठेवणे, हे सेवा देणाऱ्याचे कर्तव्य होय.